वर्गात सगळ्यांना आधीच येतंय, मी विषय सोडू का?

प्रिय 'गोंधळलेली',

शाळेत तुझं जीवशास्त्र जेमतेम तोंडओळखीपुरतं झालं, वरच्या पातळीचा अभ्यासक्रम तू घेतला नव्हतास. आता कॉलेजच्या पहिल्याच वर्षी 'एटीपी' (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू), 'मिओसिस' (बीजपेशी तयार होतानाचं पेशीविभाजन) डोक्यावरून जातं आणि शेजारची मुलं प्रश्न संपायच्या आत उत्तर देतात. पहिल्या चाचणीत काठावर पास झालीस आणि विचारतेस, विषय सोडू का?

एवढ्यात नको सोडूस.

ती मुलं पुढे आहेत, हे खरं. पण बहुतेक वेळा ती शब्दांनी पुढे असतात. ओळखीचा शब्द आला की 'हे मला येतं' म्हणून काहीजण ऐकणंच थांबवतात आणि पुढे अडखळतात. पहिल्या वर्षाचा विषय पेशीपासूनच सुरू होतो, तो तुझ्यासारख्यांसाठीही आहे.

माझ्या मते तुझी खरी अडचण जीवशास्त्राची नाहीच, रसायनशास्त्राची आहे. हायड्रोजन बंध, पीएच, द्रावणाची संहती हे कच्चं असलं की पुढचं सगळं घोकंपट्टी वाटायला लागतं. परासरणच घे ना, म्हणजे पेशीच्या पातळ पटलातून पाण्याचं आत-बाहेर जाणं. तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली तर फुगून फुटते, खूप खारट पाण्यात आक्रसते. वनस्पतीची पेशी मात्र शुद्ध पाण्यात फुगली तरी सहसा फुटत नाही, कारण तिला भक्कम पेशीभित्तिका असते. पाणी कुठून कुठे आणि का जातं, एवढं एकदा नीट समजलं की मुळं पाणी कशी शोषतात, मूत्रपिंड पाणी कसं राखतं, हे धडे निम्मे सोपे होतात. म्हणून आधी रसायनशास्त्राची ती दोन-तीन प्रकरणं काढून बस.

दुसरं, तू लिहितेस की धडा पुन्हा पुन्हा वाचतेस, ओळी रंगवतेस, तरी पेपरात आठवत नाही. यात तुझ्या बुद्धीचा काही दोष नाही गं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं, की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे सरस ठरतात, पण आठवड्याने विचारलं तर पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्यांना जास्त आठवतं. तेव्हा कोरा कागद घे. चार गुणसूत्रांची एक पेशी काढ, दोन रंगांत, आणि न बघता तिचं मिओसिस पूर्ण कर. पहिल्या विभाजनात सजातीय गुणसूत्रांच्या (एक आईकडचं, एक वडिलांकडचं) जोड्या सुटायला हव्यात, दुसऱ्यात क्रोमॅटिड, म्हणजे एकाच गुणसूत्राच्या जोडलेल्या दोन प्रती. शेवटी चार पेशी, प्रत्येकीत दोन गुणसूत्रं. पेन जिथे अडेल तिथेच तुझा अभ्यास आहे.

तोच कागद घेऊन शिक्षकांकडे जा. "काहीच कळत नाही" म्हणालीस तर तेही काय सांगणार? "इथपर्यंत जमलं, इथे अडले" म्हणालीस तर पाच मिनिटांत गाठ सुटेल. लाजू नकोस, असा प्रश्न शिक्षकांना मनापासून आवडतो.

हे सगळं करूनही रसायनशास्त्र पकडीत येत नसेल आणि बाकीचे विषयही घसरायला लागले, तर आधी पायाभूत अभ्यासक्रम करून पुढच्या सत्रात परत ये. त्यात कमीपणा अजिबात नाही. विषयातून नाव मागे घ्यायची शेवटची तारीख आजच बघून ठेव. दुसरी चाचणी तिच्या आधी असेल, तर ती दे आणि मगच ठरव.

तुझी,
ताई