चाकातून घूंऽऽ आवाज येतोय? आधी बेअरिंग ऐक

मित्रा, पार्ट बदलायची घाई करू नकोस, आधी आवाज नीट ऐक. वेग वाढेल तशी घूंऽऽ वाढत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे वळव. वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडच्या बेअरिंगवर संशय घे. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाजही बदलला तर मात्र बहुधा टायरच. टायरवरून तळहात फिरव, उंचवटे-खळगे हाताला लागतात.

मग सपाट जागी दुसऱ्या चाकांना ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावून गाडी जॅकवर घे, खाली स्टँड दे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच राहू नकोस. चाक वर-खाली धरून हलव: खटखट लागली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. एका हाताने चाक फिरव, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेव. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट जाणवते. ही खूण मला कानापेक्षा जास्त खात्रीची वाटते.

पूर्ण स्टिअरिंग कापून निघताना कटकट आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा सांधा, बघ. आणि चाक नुकतंच काढून बसवलं असेल, तर सगळ्यात आधी नट तपास, अगदी आजच.