सोसायटीतल्या शेजाऱ्यांशी हलक्याफुलक्या गप्पांतून आपुलकी कशी वाढवावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, इमारतीत राहायला येऊन दोन वर्षे झाली तरी शेजाऱ्यांची भेट केवळ सोसायटीच्या सभेत होते आणि तिथेही बोलणे पार्किंग, गळती व थकबाकी यांच्यापुढे सरकत नाही. तेव्हा हसतखेळत बोलणे सुरू होऊन माणसे जवळ यावीत यासाठी काय करता येईल, आणि तेही स्वतःचा स्वभाव अबोल असताना. मी पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीत बरीच वर्षे राहत आहे आणि त्यातली काही वर्षे व्यवस्थापन समितीवर होतो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, गप्पा होण्यात माणसांच्या स्वभावाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा कमी असतो आणि उभे राहायला जागा व थांबायला निमित्त असण्याचा वाटा पुष्कळ अधिक असतो.

चाळीतल्या शेजाराविषयी आपल्याकडे नेहमी हळवेपणाने बोलले जाते. मुंबईत वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. सुमारे १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास, अशा रचनेत एकमेकांच्या समोर न येता दिवस काढणे शक्यच नव्हते. त्या सक्तीत आडोसा नव्हता, भांडणे होती, आणि ती जागा सोडून स्वतंत्र स्वयंपाकघर व न्हाणीघर असलेल्या घरात जावेसे वाटणे अगदी रास्त होते. मात्र फ्लॅट बांधताना आपण सामाईक गैरसोयींबरोबर सामाईक उभे राहण्याच्या जागाही काढून टाकल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या मानसशास्त्रज्ञांनी पाहणी केली होती, ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच मजल्यावरच्या शेजारच्या दारातल्या माणसाला ४१ टक्के लोकांनी आपला मित्र म्हटले; एक दार सोडून पुढे गेल्यावर हे प्रमाण २२ टक्क्यांवर आले आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये १० टक्क्यांवर. तळमजल्यावर जिन्यालगत राहणाऱ्यांचे वरच्या मजल्यावरच्या लोकांशी अधिक जमले, कारण वरची माणसे येता-जाता त्यांच्याच दारावरून जात होती. स्वभाव सर्वांचे निरनिराळे होते. फरक पडला तो वाटेमुळे.

म्हणून पहिले काम असे करा की, तुमच्या इमारतीत माणसे आपोआप कुठे थबकतात ते काही दिवस लक्ष देऊन पाहा. लिफ्टमध्ये वेळ फार कमी असतो आणि प्रत्येकाची नजर मजल्याच्या आकड्यांकडे असते. त्यापेक्षा इस्त्रीवाल्याचे टेबल, भाजीची गाडी उभी राहते तो कोपरा, शाळेच्या बसची वाट पाहण्याची जागा आणि पार्सले ठेवलेली वॉचमनची केबिन या जागा कितीतरी चांगल्या. आमच्याकडे केबिनच्या बाजूला, फाटकाकडे तोंड करून एक साधे बाकडे ठेवले. पार्सल घ्यायला आलेला माणूस पूर्वी तसाच परत जात असे. आता तिथे कोणी ना कोणी बसलेले असते आणि ‘आज काय मागवलंत?’ एवढ्यावरून बोलणे सुरू होते. तुम्हाला समितीकडून एकच गोष्ट मंजूर करून घ्यायची असेल तर ती सावलीतले बाकडे असावी.

दुसरी जागा म्हणजे गच्ची. अनेक सोसायट्यांत तिला बारमाही कुलूप असते आणि किल्ली सचिवांकडे असते. सुरक्षिततेची काळजी खोटी नाही, लहान मुले असतील तर ती घ्यायलाच हवी. पण एप्रिल-मे महिन्यांत सकाळी ठरावीक वेळी गच्ची उघडली की वाळवण सुरू होते, आणि वाळवणाइतके बोलके निमित्त मी दुसरे पाहिलेले नाही. आमच्या इमारतीत एक आजी तीन दिवस गहू भिजवून, रोज त्याचे पाणी बदलून कुरडया करतात. चीक शिजला की तो हाटायला दोन हात अपुरे पडतात, सोऱ्या दाबायला तरुण मनगट लागते, प्लॅस्टिकच्या कागदाच्या कडांवर ठेवायला विटा आणाव्या लागतात आणि नंतर कबुतरांवर पहारा ठेवायला मुले लागतात. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारे, संगणक क्षेत्रात काम करणारे दोन तरुण कपडे वाळत घालायला वर आले होते. आजींनी त्यांना ‘अरे बाळांनो, जरा हा सोऱ्या दाबा रे’ म्हणून हाक मारली आणि काम झाल्यावर वाटीत गरम चीक दूध-साखर घालून दिला. त्यांतला एक तेलंगणाचा होता. त्याने त्यांच्या घरी होणाऱ्या वडियांचे वर्णन सुरू केले, मग भाताच्या सांडग्यांवरून उपस्थित सर्वांचे आपापल्या गावची पद्धत कशी सरस आहे यावर दीर्घ आणि अतिशय आनंदी मतभेद झाले. ते तरुण तोपर्यंत सर्वांसाठी ‘तीनशे दोनवाले भाडेकरू’ होते. त्यानंतर सगळे त्यांना नावाने ओळखू लागले. आजींचा मोबाइल अडला की त्या आता त्यांचेच दार वाजवतात.

काय बोलावे, हा तुमच्या प्रश्नातला भाग अबोल माणसाला सर्वांत अवघड वाटतो. प्रश्न असा विचारावा की समोरच्याला उत्तर देताना आपण जाणकार आहोत असे वाटेल आणि उत्तर एका वाक्यात संपवून निघून जाण्याची मोकळीकही राहील. ‘काकू, तुमचा कढीपत्ता इतका कसा फोफावतो? आमचा तर पानं टाकतो’ हा असा प्रश्न आहे. पगार, लग्न, मूलबाळ, जात, घरात किती माणसे राहतात, भाडे किती, या चौकश्या आपल्याकडे आपुलकीच्या नावाखाली सहज होतात. पण ऐकणाऱ्याला ती झडती वाटते आणि तो पुढच्या वेळी जिना बदलतो. विनोदाच्या बाबतीतही मी कडक आहे. हसणे सर्वांवर सारखी आलेल्या गोष्टीवर असावे, म्हणजे नेमके पाहुणे आल्यावर बंद पडणारी लिफ्ट, टँकरची वेळ, कबुतरे. गैरहजर शेजाऱ्यावर कधीही नसावे. तिथे हसणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येतेच की, आपण गेल्यावर आपल्याविषयीही असेच बोलले जाईल.

व्हॉट्सॲपवर हे काम होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. लिहिलेल्या थट्टेत चेहरा दिसत नाही, म्हणून ती झोंबते. गट फक्त सूचनांसाठी ठेवावा. सोसायटीची सभाही गप्पांसाठी वापरू नये. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते आणि तिच्यात हिशेब, देखभाल खर्च व तक्रारी येणारच. सभेनंतर चहा जरूर ठेवा, पण चहाच्या वेळी गळतीचा विषय निघाला तर ‘उद्या लेखी द्या’ असे सांगून तो तिथेच थांबवणारे कोणीतरी हवे. याउलट, जे वर्षभर बाकड्यावर आणि गच्चीवर बोललेले असतात, ते सभेत वाद घालतानाही ‘अहो जोशी’ म्हणून बोलतात, ‘चारशे एक’ म्हणून नाही. वाद मिटतोच असे नाही, पण त्याची भाषा बदलते.

सणांचा उपयोग होतो, फक्त आमंत्रण कोणाला जाते ते पाहावे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात विधवा स्त्रियांना वगळले जात असेल, तर त्या कार्यक्रमाने इमारतीत आपुलकी वाढते असे मला म्हणवत नाही. आमच्याकडे आता सर्वांसाठी तिळगूळ असतो, त्यात पुरुष, भाडेकरू, वॉचमन आणि घरकामाला येणाऱ्या मावशीही येतात. कोजागरीचे मसाला दूध तर आणखी सोपे आहे, कारण त्यात धर्म, भाषा वा वैवाहिक स्थिती आडवी येत नाही आणि गच्चीही उघडली जाते. भाषणे, सत्कार आणि ध्वनिक्षेपक मात्र टाळा. माणसे रांगेत खुर्च्यांवर बसली की शेजारच्याशी बोलणे थांबते.

राहिला तुमच्या संकोचाचा प्रश्न. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या मानवी वर्तनाच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये शिकागोच्या प्रवाशांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी सहप्रवाशाशी बोलायला सांगितलेल्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा अधिक सुखाचा झाला. आधी विचारले असता लोकांचा अंदाज नेमका उलटा होता. समोरच्याला बोलायचे नसेल, ही आपली समजूत बहुधा दोन्ही बाजूंना एकाच वेळी असते. तरीही काही शेजारी खरोखरच एकांतप्रिय असतात, कोणी रात्रपाळी करून आलेले असते, कोणाच्या घरात आजारपण असते. त्यांना मान डोलावून नमस्कार करावा आणि वाट मोकळी सोडावी. महिनोन्महिने तेवढेच चालले तरी हरकत नाही. तुम्ही स्वतः अबोल असाल तर बाकड्यावर रोज एकाच वेळी, हातात चहाचा कप घेऊन बसा आणि सुरुवातीला फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावे लक्षात ठेवा. दुसऱ्या वेळी भेटल्यावर नावाने हाक मारली की, पुढचे बोलणे बहुतेक वेळा समोरचाच सुरू करतो.