'तांत्रिक बिघाड होता' एवढ्यावर विमान कंपनी भरपाईतून सुटत नाही

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. युरोपीय महासंघातल्या विमानतळावरून निघालात, आखातातल्या एका शहरात विमान बदलून पुढे जायचं होतं आणि सगळा प्रवास एकाच बुकिंगवर होता. पहिलं विमान दोन तास उशिरा सुटलं, त्यामुळे पुढचं हुकलं आणि शेवटच्या ठिकाणी सात तास उशिरा पोहोचलात. कंपनी युरोपातली नाही. भरपाई मागितल्यावर तिने तीन कारणं दिली: पहिल्या विमानाचा उशीर तीन तासांपेक्षा कमी होता, दुसरं विमान युरोपाबाहेरून सुटत होतं, आणि मुळात बिघाड तांत्रिक होता. वर व्हाउचर देऊ केलंय. यापुढे काही करता येतं का, असं विचारलंय.

येतं, आणि नक्की करा. व्हाउचर स्वीकारू नका. एकूण अंतर ३,५०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर तुमची मागणी माणशी ६०० युरोंची आहे, आणि कंपनीच्या तीनपैकी पहिल्या दोन कारणांना तर काहीच आधार नाही.

नियम आहे युरोपीय महासंघाचा २६१/२००४. तो फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. महासंघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला तो लागतो, मग कंपनी कुठल्याही देशाची असो. बाहेरून महासंघात येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी युरोपातली असेल तरच लागतो. आइसलँड, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडही यात येतात. येणं आणि जाणं हे दोन वेगळे प्रवास धरले जातात, हे लक्षात ठेवा. आखाती कंपनीचं जाता-येताचं तिकीट एकत्र काढलं असलं तरी परत युरोपकडे येतानाच्या प्रवासाला हा नियम लागत नाही. २००८ च्या शेंकेल खटल्यात युरोपीय न्यायालयाने हेच सांगितलं. तुमचा त्रास निघतानाच्या प्रवासात झाला, म्हणून तुम्ही नियमात बसता.

आता कंपनीचं पहिलं कारण. भरपाईसाठी लागणारा तीन तासांचा उशीर मोजतात तो शेवटच्या ठिकाणी पोहोचताना. विमान कधी उडालं, मधल्या टप्प्यावर किती मागे होतं, हे इथे गौण आहे. २०१३ च्या फोल्कर्ट्स खटल्यात पहिलं विमान तीन तासांपेक्षा कमी उशिरा निघालं होतं, पुढची दोन विमानं हुकली, आणि शेवटच्या ठिकाणी झालेला उशीरच ग्राह्य धरला गेला. तुमचे सात तास तसेच मोजायचे. पोहोचण्याची वेळ म्हणजे चाकं धावपट्टीला लागली ती वेळ नव्हे. विमानाचं दार उघडून प्रवाशांना उतरायची परवानगी मिळते ती वेळ. ज्यांचा उशीर दोन तास पन्नास मिनिटांच्या आसपास आहे, त्यांचं सगळं गणित या दहा-पंधरा मिनिटांवर फिरतं. म्हणून दार उघडताना घड्याळ बघा आणि लगेच फोनमध्ये नोंद करा.

दुसरं कारण, युरोपाबाहेरचा टप्पा. २०१८ च्या वेगेनर खटल्यातला प्रवास बर्लिन ते अगादीर असा होता, कासाब्लांकाला विमान बदलायचं होतं आणि कंपनी मोरोक्कोची होती. न्यायालयाने म्हटलं की एकाच बुकिंगवरचा प्रवास हा एकच प्रवास आहे. मध्ये विमान बदललं, तेही महासंघाबाहेर, म्हणून नियम तुटत नाही. तुमचं प्रकरण याच्या इतकं जवळ आहे की पत्रात या निकालाचं नाव घालाच. अट एवढीच की बुकिंग एक हवं. स्वस्त पडतं म्हणून दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढली असती, तर हा आधार राहिला नसता आणि हुकलेल्या विमानाचा भुर्दंडही तुमच्यावरच आला असता.

तिसरं कारण तांत्रिक बिघाडाचं. याच्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण माझ्या पाहण्यात बहुतेक लोक इथेच माघार घेतात.

'अपवादात्मक परिस्थिती' असेल तर कंपनीला ही रक्कम द्यावी लागत नाही, हे खरं आहे. पण ती परिस्थिती होती हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर आहे. नियमाच्या पाचव्या कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. २००८ च्या वॉलेंटिन-हर्मान खटल्यापासून कसोटी ठरलेली आहे. घटना विमान कंपनीच्या नेहमीच्या कामकाजाचा स्वाभाविक भाग नसावी आणि तिच्या प्रत्यक्ष नियंत्रणाबाहेरची असावी. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. विमानाचे भाग झिजतात, पंप बंद पडतात, सेन्सर चुकीच्या वेळी इशारे देतात. विमानं चालवणाऱ्याच्या धंद्यातलीच ही गोष्ट आहे. २०१५ मध्ये तर एखादा भाग ठरलेल्या आयुष्याआधीच अचानक निकामी झाला तरी तो अपवाद नाही, असा निकाल आला. उत्पादकाने सगळ्या विमानांत छुपा दोष असल्याचं जाहीर केलं, किंवा कुणी घातपात केला, तर गोष्ट वेगळी.

इतर कारणांचंही सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाचं तरी प्रकरण त्यात असेल. पक्षी धडकला तर तो अपवाद धरतात (२०१७). हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप, अचानक बंद झालेलं हवाई क्षेत्र, खरोखरचं वादळ हेही साधारणपणे अपवादात जातं. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी काम बंद पाडलं तर ते अपवाद नाही. २०१८ मध्ये अचानक सामूहिक आजारपणाच्या रजा टाकल्याच्या प्रकरणात, आणि २०२१ मध्ये वैमानिकांच्या संघटनेने रीतसर पुकारलेल्या संपाच्या प्रकरणात, दोन्ही वेळा प्रवाशांच्या बाजूने निकाल लागला. वैमानिक आजारी पडला हेही कारण चालत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तसंच म्हटलं. आणि अपवाद मान्य झाला तरी उशीर टाळण्यासाठी शक्य ते सगळं केलं होतं, हे कंपनीने दाखवायचं असतं. सकाळी धुकं होतं, ते दहाला विरलं, बाकीची विमानं गेली आणि तुमचं संध्याकाळी निघालं, तर मधल्या तासांचा हिशेब त्यांनी द्यायचा.

म्हणून त्यांच्या नकाराला उत्तर देताना वाद घालत बसू नका, माहिती मागा. नेमका कोणता भाग निकामी झाला, ते कधी लक्षात आलं, दुसरं विमान किंवा दुसऱ्या कंपनीतली जागा का दिली नाही, आणि याचे कागद कुठे आहेत. पहिला नकार हा बहुतेकदा ठरावीक साच्याचा ईमेल असतो. तो कुणी निवाडा म्हणून लिहिलेला नसतो आणि तुम्हीही तो निवाडा म्हणून वाचू नये. माझं स्पष्ट मत आहे की हक्काचे पैसे बुडण्याचं सगळ्यात मोठं कारण हा ईमेल वाचून गप्प बसणं हेच आहे.

रकमांचं कोष्टक साधं आहे. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो. त्यापुढे ३,५०० पर्यंत, आणि महासंघाच्या आतल्या त्याहून लांबच्या उड्डाणांनाही, ४०० युरो. बाकी सगळ्यांना ६००. अंतर निघण्याच्या ठिकाणापासून शेवटच्या ठिकाणापर्यंत सरळ रेषेत मोजतात, मधल्या वळणाचं धरत नाहीत. सर्वात लांबच्या गटात उशीर तीन ते चार तासांच्या दरम्यान असेल तर रक्कम निम्मी होऊ शकते. तिकीट कितीला पडलं याचा काही संबंध नाही, त्यामुळे भरपाई भाड्यापेक्षा जास्तही होते. ती प्रत्येक प्रवाशाला वेगळी मिळते, तिकीट काढलेल्या मुलांनाही. फुकट प्रवास करणाऱ्या तान्ह्या बाळाला नाही. ऑफिसच्या कामाने गेला असाल आणि तिकीट ऑफिसने काढलं असेल, तरी पैसे प्रवाशाचे. आणि व्हाउचरबद्दल: सातव्या कलमानुसार पैसे रोख, चेकने किंवा बँकेतून द्यायचे असतात. व्हाउचर चालतं ते प्रवाशाने सही करून मान्य केलं तरच. तुम्ही अजून सही केलेली नाही, फार बरं झालं.

भरपाई आणि देखभाल या दोन वेगळ्या मागण्या आहेत. विमानतळावर ताटकळताना जेवण, गरज पडली तर हॉटेल आणि तिथवरची ने-आण ही कंपनीची जबाबदारी अपवादात्मक परिस्थितीतही संपत नाही. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं दिवसेंदिवस बंद होती. त्या प्रकरणातही न्यायालयाने २०१३ मध्ये प्रवाशाच्या वाजवी खर्चाची जबाबदारी कंपनीवरच टाकली. कंपनीने काही दिलं नाही आणि तुम्ही स्वतः खर्च केला असेल, तर पावत्या जोडून तो ६०० युरोंच्या वर मागा. पाच तासांहून जास्त उशीर झाला आणि प्रवासच नको झाला, तर तिकिटाचे पैसे परत मिळतात. विमान रद्द झालं आणि चौदा दिवस आधी कळवलं नव्हतं, तर भरपाईचा हक्क तयार होतो. मात्र दिलेलं पर्यायी विमान मूळ वेळेच्या जवळपासचं असेल तर तो जातो.

आता पत्र. कंपनीच्या संकेतस्थळावरचा फॉर्म भरा आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवा. मागणी तिकीट विकणाऱ्या एजंटकडे करायची नसते, विमान प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंपनीकडे करायची असते. मजकूर छोटा ठेवा: उड्डाण क्रमांक, तारीख, बुकिंगचा संदर्भ, सगळ्या प्रवाशांची नावं, ठरलेली आणि प्रत्यक्ष पोहोचण्याची वेळ, नियम २६१/२००४ च्या सातव्या कलमाखाली एकूण किती रक्कम हवी, बँक खातं, आणि चौदा दिवसांत उत्तर न आल्यास पुढची कारवाई करणार हे वाक्य. किती मनस्ताप झाला ते लिहू नका. तो खराच झालेला असतो, पण या मागणीत त्याला जागा नाही आणि मुख्य मुद्दा त्यात हरवतो. बोर्डिंग पास हरवला असेल तरी घाबरू नका, २०१९ च्या एका निर्णयानुसार पक्कं बुकिंग दाखवणं पुरतं. विमानतळावर असताना मात्र कंटाळून परत जाऊ नका. उशीर होणार हे कळल्यावर जो चेक-इनलाच गेला नाही त्याला ही भरपाई मिळत नाही, असा निकाल जानेवारी २०२४ मध्ये आला आहे.

पुन्हा नकार आला तर ज्या देशातून निघालात तिथल्या नियामक संस्थेकडे किंवा तडजोड मंडळाकडे तक्रार करा, आणि शेवटी छोट्या दाव्यांचं न्यायालय आहे. क्लेम वसूल करून देणाऱ्या खासगी कंपन्या आहेत, पण त्या एक तृतीयांशाच्या आसपास कापून घेतात आणि प्रकरण कोर्टात गेलं तर निम्म्यापर्यंत. एक-दोन पत्रांचं काम आधी स्वतः करा. परक्या देशात कोर्टात जायची वेळ आली तर त्यांचा उपयोग खरा.

युरोपशी संबंध नसलेल्या प्रवासाचं थोडक्यात. ब्रिटनने महासंघ सोडताना हाच नियम स्वतःकडे ठेवला; लांबच्या अंतराला तिथे ५२० पौंड आहेत. अमेरिकेत उशिरासाठी भरपाई नाही, पण देशांतर्गत तीन किंवा आंतरराष्ट्रीय प्रवासात सहा तासांहून जास्त बदल झाला आणि तुम्ही प्रवास नाकारला, तर पैसे परत मिळतात. भारतात डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नियमांत निव्वळ उशिरासाठी रोख रक्कम नाही. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, आणि उशिराच्या प्रमाणात जेवण-हॉटेल, एवढंच. वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर उड्डाणाच्या लांबीप्रमाणे कमाल ५,००० ते १०,००० रुपये, आणि ओव्हरबुकिंगमुळे चढू दिलं नाही तर कमाल २०,००० पर्यंत मिळतात. बुकिंगमध्ये स्वतःचा फोन नंबर असू द्या, एजंटचा नको. संपर्क दिला नव्हता या कारणावरून कंपनी हात झटकू शकते. तक्रार एअरसेवा पोर्टलवर करता येते, आणि त्यानेही झालं नाही तर राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. तिथे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही.

याशिवाय १९९९ चा माँट्रियल करार आहे. तो आंतरराष्ट्रीय प्रवासाला जवळजवळ सगळीकडे लागतो. त्यात ठरावीक रक्कम नसते. उशिरामुळे झालेलं प्रत्यक्ष नुकसान पुराव्यासह दाखवावं लागतं, जसं की बुडालेलं हॉटेलचं आरक्षण. डिसेंबर २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा माणशी ६,३०३ एसडीआर आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. सामान उशिरा आलं असेल तर ते हातात पडल्यापासून २१ दिवसांत, आणि मोडतोड झाली असेल तर ७ दिवसांत लेखी तक्रार हवीच. या दोन मुदती फार कडक आहेत.

दाव्याच्या मुदतीचं शेवटचं. माँट्रियलखाली दोन वर्षं. २६१ मध्ये स्वतःची मुदत नाही, ती देशागणिक बदलते: जर्मनीत तीन वर्षं, तीही ज्या वर्षात उड्डाण झालं ते संपल्यापासून, फ्रान्समध्ये पाच, इंग्लंडमध्ये त्यांच्या नियमाखाली सहा. तुमचं उड्डाण कुठून होतं ते लिहिलेलं नाही, तेवढं कळवा म्हणजे तिथल्या नियामक संस्थेचं नाव सांगतो. पत्र मात्र त्यासाठी थांबवू नका, आजच पाठवा.