मुलगा म्हणतोय गाड्यांचं पेंटिंग शिकायचंय, पाठवू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा यंदा ५८ टक्क्यांनी दहावी झाला, सुट्टीत उद्यमनगरातल्या एका गॅरेजला जायला लागला आणि आता म्हणतोय मला हेच शिकायचंय, आणि वडील म्हणतात आमच्या घरात रंगारी कोण नव्हतं आणि होणारही नाही. तुम्ही विचारलंय की यात शिकण्यासारखं खरंच काही आहे का, का नुसता फवारा मारायचा.

भरपूर आहे ताई. आणि फवारा तर त्यातला सगळ्यात थोडा वेळ चालणारा भाग आहे.

एक दबलेला दरवाजा घ्या. आधी धुवायचा, मग केमिकलनं तेल, मेण, सिलिकॉन पुसून काढायचं, कारण बोटाचा तेलकट डाग जरी राहिला तरी वर मारलेला रंग तिथं फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग डेंट काढायचा, जुन्या रंगाची कड अशी घासायची की बोट फिरवलं तर पायरी लागली नाही पाहिजे. मग खड्डा भरायची पुट्टी, तिच्यात हार्डनर, म्हणजे तिला घट्ट करणारं रसायन, साधारण दोन-तीन टक्के, जास्त पडला तर हातातच दगड होते आणि वर डाग येतो तो वेगळाच. मग घासायचा ८० नंबरचा खरखरीत पेपर, मग त्याहून बारीक १८०, ३२०, मग सरफेसर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, त्यावर काळी पावडर चोळून परत पेपर, जिथं काळं राहिलं तिथं अजून खड्डा आहे असं समजायचं. मधला पेपर गाळून ८० वरनं थेट ४०० ला उडी मारली की त्या दिवशी गाडी चकाचक दिसते आणि पंधरा दिवसांनी उन्हात आतले ओरखडे वर येतात. चांगला कारागीर डोळे मिटून पॅनलवर तळहात फिरवतो, डोळ्याला न दिसणारी लाट हाताला लागते. हे पुस्तकातनं येत नाही.

मग बेस कोट, म्हणजे खरा रंग, मधे सुकायला वेळ द्यायचा, आणि वर क्लिअर, म्हणजे चमक देणारा पारदर्शक थर. कारखान्यात नुसती बॉडी असते म्हणून ती १४० डिग्रीच्या आसपास भाजतात, पण वर्कशॉपला आलेल्या गाडीत वायरिंग, प्लास्टिक, रबर सगळं असतं, ते वितळेल, म्हणून इथं हार्डनरवाला क्लिअर वापरून बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, ६० डिग्रीला अर्धा तास ठेवतात.

रंगाची छटा जुळवायचं तर विचारू नका. माझ्याच सिल्व्हर गाडीचा दरवाजा घासला होता, एका गॅरेजनं गाडीच्या रंगाचा कोड बघून रंगवून दिला, छपराखाली एकदम बरोबर दिसला आणि रस्त्यावर उन्हात आणली तर दरवाजा एका गाडीचा आणि फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, दुसऱ्या गाडीचा. लय वाईट वाटलं होतं. एकाच कोडचे तीन-चार प्रकार निघतात, शिवाय मेटॅलिकमधले कण हवेचं प्रेशर, गनचं अंतर, थिनर यावर वेगवेगळे बसतात आणि रंग फिका-गडद होतो. म्हणून आधी कार्डावर मारून ते उन्हात आणि सावलीत धरून बघायचं, आणि दरवाज्याचा बेस शेजारच्या पॅनलवर विरळ करत न्यायचा. दुसऱ्या कारागिरानं तसंच करून दिलं, आता कुठं जोड आहे ते मला स्वतःला सापडत नाही.

आता जे मी सगळ्यात ठासून सांगतोय ते नीट ऐका. क्लिअरच्या त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते श्वासातनं गेलं की कायमचा दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की मग थोडं जरी नाकात गेलं तरी त्रास होतो. रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला अजिबात अडवत नाही. क्लिअर मारताना बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्कच पाहिजे, हातात ग्लोव्ज पाहिजेत. जिथं पोरं तोंडाला रुमाल बांधून गन मारतात तिथं पगार दुप्पट दिला तरी मुलाला ठेवू नका.

रस्ता म्हणाल तर आयटीआयला मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास चालतं, तो कुठल्या आयटीआयला आहे ते प्रवेशाच्या पोर्टलवर बघा. त्यानंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या बॉडीशॉपमध्ये ॲप्रेंटिसशिप. गणित सोडू देऊ नका, रंग ग्रॅमवर तोलून मिसळतात. वडिलांना सांगा की वर्ल्डस्किल्स या जागतिक स्पर्धेत कार पेंटिंग हा स्वतंत्र विभाग आहे, आणि गाडी पेट्रोलची असो की इलेक्ट्रिक, ती कुठंतरी घासणारच.

पण ॲडमिशनच्या आधी एक करा. भंगारातनं एक जुना फेंडर आणा आणि पोराला तीन आठवडे नुसतं पेपर मारायला लावा, गन नाही. आपल्याकडं पावसात हवा दमट असते, गनच्या हवेच्या पाइपमधनं पाणी येतं, म्हणून गॅरेजला जातोय तोवर रोज सकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी सोडायचं कामही त्यानं मागून घ्यावं. तीन आठवड्यांनी तो फेंडर वडिलांच्या समोर ठेवा आणि त्यांना डोळे मिटून हात फिरवायला सांगा, मग मला परत लिहा.