घरी बॉल पायथन पाळला आहे, तो कायदेशीर ठरतो का?

हो, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी असेल तरच. बॉल पायथन हा आफ्रिकेतला अजगर, साइटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात 2022 च्या दुरुस्तीने कलम 49 एम आले आणि असे प्राणी बाळगणे, दुसऱ्याला देणे, त्यांची पिल्ले, मृत्यू, सगळ्यांची नोंद बंधनकारक झाली. 2024 च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. मुदत उलटली असेल तर लपवत बसू नका. वनविभागाच्या कार्यालयात लेखी विचारा.

अर्जात आणि पावतीवर नुसतं 'अजगर' लिहू नका, 'पायथन रेजियस' हे शास्त्रीय नाव लिहा. आपला भारतीय अजगर, 'पायथन मोल्युरस', याच अधिनियमाच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, तो घरात ठेवणं गुन्हाच. नावाच्या गोंधळात प्रामाणिक माणूस नाहक अडकतो. पाठीवरच्या नक्षीचे स्पष्ट फोटो, विकणाऱ्याचं बिल, त्याच्या नोंदणीची प्रत, हे सगळं जपून ठेवा.

मात्र ही सवलत फक्त परदेशी प्रजातींना. बाजारात सर्रास मिळणारं स्टार कासव भारतीय आहे, तेही अनुसूची 1 मध्ये. त्याला कुठलीच नोंदणी वाचवत नाही.