बॅकअप फेल होतोय? आधी लॉग उघडा, मग सपोर्टला सांगा

या वेळचे बरेच प्रश्न बॅकअपचे आहेत आणि जवळपास सगळ्यांची तक्रार एकच, सपोर्टला सांगून झालं पण उपयोग नाही. त्यातले काही निवडलेत.

प्रश्न: पूर्ण सिस्टिमचा इमेज बॅकअप लावला की थोडा वेळ चालतो आणि "बॅकअप फेल्ड" येतं. सपोर्टला स्क्रीनशॉट पाठवला, ते म्हणाले काढून परत इन्स्टॉल करा. केलं. फरक शून्य.

परत परत इन्स्टॉल करणं आधी थांबवा, त्यात जुने लॉग उडू शकतात आणि नेमकं काय बिघडलंय हे सांगणारी तीच गोष्ट तुमच्या हातात आहे. लॉग फाईल उघडा आणि वरून खाली वाचत या, जिथे पहिल्यांदा एरर किंवा वॉर्निंग आलंय ती ओळ शोधा. शेवटची "बॅकअप फेल्ड" ही ओळ नुसता निकाल सांगते, कारण बऱ्याच वर कुठेतरी असतं. स्क्रीनशॉटमधे ते येतच नाही, म्हणून सपोर्टवाला पण ठरलेलं उत्तर देऊन मोकळा होतो.

विंडोजमधे उघड्या, वापरात असलेल्या फाईल्सची कॉपी काढायला शॅडो कॉपी सर्व्हिस लागते, तिला व्हीएसएस म्हणतात. बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतात, त्यामुळे सॉफ्टवेअर बदललं तरी तोच एरर येतो. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून "व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स" (vssadmin list writers) ही कमांड द्या, प्रत्येक रायटरपुढे (रायटर म्हणजे शॅडो कॉपीसाठी आपापला डेटा तयार ठेवणारा विंडोजचा किंवा प्रोग्रॅमचा भाग) "स्टेबल" आणि "नो एरर" दिसलं पाहिजे. एखादा फेल्ड किंवा टाइम्ड आउट असेल तर मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू करू नका, रीस्टार्टच करा, कारण फास्ट स्टार्टअप ऑन असेल तर शटडाउनमधे विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आतला बराचसा भाग हायबरनेट होतो आणि अडकलेली गोष्ट तशीच परत येते. दोन बॅकअप सॉफ्टवेअर एकाच वेळेला लावलेले असतील तर एकाची वेळ बदला.

रायटर सगळे ठीक आहेत आणि एरर नंबरात ८०७८०११९ दिसतंय? मग अडचण जागेची आहे, पण बहुतेक वेळा बॅकअप डिस्कवरच्या जागेची नाही. इथे खूप लोक अडकतात, एवढी मोठी डिस्क रिकामी पडलीये मग जागा कशी नाही म्हणतात. इमेज बॅकअपमधे विंडोजची लपलेली छोटी पार्टिशन्स (डिस्कचे वेगळे केलेले भाग) पण येतात, रिकव्हरी किंवा सिस्टिम रिझर्व्ह्ड, आणि शॅडो कॉपीला तिथेही मोकळी जागा लागते. पार्टिशन ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर कमीत कमी ५० एमबी, त्यापेक्षा मोठं असेल तर ३२० एमबी. पार्टिशन वाढवायचं काम आधी कधी केलं नसेल तर अगोदर महत्त्वाच्या फाईल्स साध्या कॉपी-पेस्टने दुसऱ्या डिस्कवर टाका, मगच हात लावा.

आणि सपोर्टला परत लिहिताना विंडोजचं आणि सॉफ्टवेअरचं व्हर्जन, बॅकअप कुठे जातोय, शेवटचा चांगला बॅकअप कोणत्या तारखेचा, त्यानंतर काय बदललं (अपडेट, नवीन अँटीव्हायरस, पासवर्ड, डिस्क काहीही), त्या कमांडचं आउटपुट आणि अख्खी लॉग फाईल झिप करून, हे सगळं पहिल्याच मेलमधे द्या. तिकीट (म्हणजे तुमची नोंदवलेली तक्रार) वरच्या टीमकडे पाठवा असं स्पष्ट लिहा, त्यात उद्धटपणा काही नाही.

प्रश्न: ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह पूर्ण रिकामा आहे, बॅकअप फाईल १० जीबीची आहे, तरी फाईल खूप मोठी आहे असं म्हणतं.

ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा आहे, ही फाईल्स साठवायची जुनी पद्धत. त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असो. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमधे फॉरमॅट करा, आतलं सगळं जाईल हे लक्षात ठेवून. पण एकुलता एक बॅकअप पेन ड्राइव्हवर ठेवू नका.

प्रश्न: एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर बॅकअप घेताना "सायक्लिक रिडंडन्सी चेक" असा एरर येतो. सपोर्टने चेकडिस्क चालवायला सांगितलंय. चालवू का?

लगेच नको. या एररचा अर्थ डिस्कवरून डेटा वाचताना तो बरोबर आला नाही, आणि हे डिस्क खराब झाल्यामुळे होतं तसंच केबल, पोर्ट किंवा हबमुळे पण होतं. आधी बघा एरर वाचताना येतोय की लिहिताना, म्हणजे बिघाड कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कमधे आहे की बाहेरच्या. लॉगमधे ज्या फाईलवर अडकलं तिचा पाथ असतो, तो सी ड्राइव्हचा असेल तर बॅकअपची डिस्क बिचारी ठीक आहे आणि तुमची मुख्य डिस्कच जायला लागलीये!

मग केबल बदला, हब काढून थेट पोर्टला लावा आणि स्मार्ट रिपोर्ट (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) दाखवणारं एखादं टूल चालवा. रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचा) आकडा वाढत चाललाय तर डिस्कवर भरवसा ठेवू नका. नुसता सीआरसी एरर काउंट (डेटा येता-जाताना झालेल्या चुका) वाढतोय तर बहुतेक वेळा केबलच. आणि चेकडिस्क बद्दल, ते फाईल सिस्टिम दुरुस्त करतं, तुमच्या फाईल्स वाचवणं हे त्याचं काम नाही, आर (/r) ऑप्शनने तर पूर्ण डिस्क वाचून काढतं आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा ताण पण पुरतो. जे वाचतंय ते आधी दुसरीकडे कॉपी करा, चेकडिस्क नंतर.

प्रश्न: ऑफिसच्या मशीनवर रोज रात्री बॅच फाईलने (ओळीने कमांड लिहिलेल्या फाईलने) नेटवर्क ड्राइव्हवर बॅकअप जातो, टास्क शेड्युलर रोज यशस्वी दाखवतो. काल फोल्डर उघडलं तर दोन महिन्यांपासून एकही नवीन फाईल नाही. सपोर्ट म्हणतो टास्क तर चाललाय.

टास्क चाललाय हे खरंच आहे. टास्क शेड्युलर फक्त एवढंच सांगतो की फाईल चालू झाली आणि संपताना काय कोड देऊन गेली. आत कॉपी झाली का हे त्याला कळत नाही, बॅच फाईलच्या शेवटी एखादी साधी एको ओळ (स्क्रीनवर मजकूर दाखवणारी) असेल तर वरची कॉपी फेल होऊनही कोड शून्यच, म्हणजे यशस्वी, येऊ शकतो. रोबोकॉपी (विंडोजमधली कॉपी करायची कमांड) वापरत असाल तर त्याचं उलटं, तिथे ० ते ७ कोड म्हणजे फेल नाही आणि ८ पासून पुढे फेल, त्यामुळे १ आला म्हणून घाबरू नका.

तुमच्या केसमधे मला सगळ्यात आधी मॅप केलेल्या ड्राइव्हचा, म्हणजे झेडसारखं अक्षर दिलेल्या सर्व्हरच्या फोल्डरचा संशय आहे. झेड ड्राइव्ह तुम्हाला लॉगिन केल्यावर दिसतो, पण "युजर लॉगऑन असो वा नसो चालवा" असं सेट केलं की टास्क वेगळ्या सेशनमधे चालतो आणि त्याला तो झेड दिसतच नाही. बॅच फाईलमधे सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण पाथ लिहा. दोन महिन्यांपूर्वी कोणी पासवर्ड बदलला होता का हेही विचारा. लॅपटॉप असेल तर कंडिशन्स टॅब बघा, चार्जर लावला असेल तरच टास्क सुरू करायचा ही खूण मुळातच लावलेली असते.

हे मोठ्या कंपन्यांतही होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमधे (प्रोग्रॅमर लोकांचा कोड ऑनलाइन ठेवणारी कंपनी) चुकून मुख्य डेटाबेसचा डेटा डिलीट झाला, बॅकअप बघायला गेले तर रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण कॉपी) सॉफ्टवेअरचं व्हर्जन जुळत नसल्यामुळे कधीचाच फेल होत होता, आणि फेल झाल्याचे मेल जात होते पण समोरचा सर्व्हर ते नाकारत होता म्हणून कोणाला कळलंच नाही. साधारण सहा तास आधीचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची डिस्कची प्रत) हाताशी होता म्हणून निभावलं. त्यांनी हे सगळं स्वतःहून उघडपणे लिहिलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. म्हणून फेल झाल्यावरच मेल येईल असं ठेवू नका, रोज यशाचाही मेल येऊ द्या, आणि महिन्यातून एकदा एखादी फाईल खरोखर रिस्टोअर करून उघडून बघा.

प्रश्न: बॅकअपला पासवर्ड लावला होता, विसरलो. सर्च करून मिळालेल्या सपोर्ट नंबरवर फोन केला तर ते रिमोट अ‍ॅक्सेस द्या, काढून देतो म्हणतायत.

फोन ठेवा. नीट एन्क्रिप्ट केलेल्या बॅकअपचा पासवर्ड बनवणाऱ्या कंपनीलाही काढता येत नाही, "काढून देतो" म्हणणारा फसवतोय असंच समजा. सपोर्टचा नंबर सॉफ्टवेअरच्या आतल्या हेल्प मेन्यूतून किंवा त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. अ‍ॅक्सेस देऊन झाला असेल तर इंटरनेट तोडा, ते रिमोट सॉफ्टवेअर काढा आणि दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला, बँकेचा आणि मेलचा पहिला.

प्रश्न: जागा हवी म्हणून बॅकअप फोल्डरमधल्या मधल्या काही जुन्या फाईल्स डिलीट केल्या. आता रिस्टोअर करताना फाईल मिसिंग म्हणतं.

इन्क्रिमेंटल बॅकअपमधे प्रत्येक फाईलमधे फक्त आधीच्या बॅकअपनंतर बदललेलं असतं, त्यामुळे मधली एक गेली की तिच्या पुढच्या तारखांचा रिस्टोअर अडतो, तिच्या आधीच्या तारखेपर्यंतचा मात्र अजून होऊ शकतो. रिसायकल बिन बघा, तिथे नसेल तर त्या डिस्कवर नवीन काही न लिहिता रिकव्हरी टूल चालवा. पुढे जागा करायची ती सॉफ्टवेअरमधल्या रिटेन्शन सेटिंगनेच (जुने बॅकअप किती दिवस ठेवायचे ते ठरवणाऱ्या) करा, हाताने नाही. आत्ता वेगळ्या डिस्कवर नवीन फुल बॅकअप सुरू करा, आणि त्यातलं एक फोल्डर रिस्टोअर होऊन व्यवस्थित उघडेपर्यंत जुन्या, तुटक्या सेटमधलं काहीही डिलीट करू नका.