थेट ऑनलाइन फोन विकणं कंपन्यांना का जमत नाही?

दुकानदाराचं कमिशन वाचलं की फोन स्वस्त पडणार, मग थेट ऑनलाइन विक्री फसते कशी, असं तुम्ही विचारलंय. दापोलीत माझं मोबाइलचं दुकान आहे, त्यावरून सांगतो. कमिशन वाचतं, पण त्या पैशात दुकानदार जे काम करतो ते कुणाला तरी करावंच लागतं.

गूगलने 5 जानेवारी 2010 ला ‘नेक्सस वन’ हा फोन आणला तो फक्त स्वतःच्या वेबसाइटवर, 529 डॉलरला. फोन बनवलेला एचटीसीने, अमेरिकेत नेटवर्क टी-मोबाइलचं. बिघाड झाला तर जायचं कुणाकडे? गूगलची मदत सुरुवातीला ईमेलवरच होती. ग्राहक या तिघांत फिरत राहिले. मे महिन्यातच गूगलने ते ऑनलाइन दुकान बंद करायचं जाहीर केलं. लोकांना फोन घेण्याआधी हाताळून बघायचा असतो, हे तेव्हा त्यांनीच मान्य केलं.

हाताळून बघणं ही नुसती हौस नसते. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर हर्णैचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, दुकानात आले. दोर ओढून ओढून अंगठ्याच्या रेषा पार झिजलेल्या. ‘अंगठा घेतो काय, तेवढं बघू दे,’ म्हणाले. तीन फोन काढून दिले. दोघांनी अंगठा घेतलाच नाही, तिसऱ्याने चौथ्या खेपेला घेतला. तोच त्यांनी नेला, कॅमेरा जरा डावा असूनही. वेबसाइटवर रॅम, बॅटरी सगळं असतं, हे कुठे कळणार?

विकल्यानंतरचं तर आणखी अवघड. एका काकींना मुलाने मुंबईतून ऑनलाइन फोन पाठवला. कुरिअर वाडीपर्यंत जात नाही, म्हणून खोकं दापोलीला येऊन न्यावं लागलं. माइक खराब निघाला, तोवर बदलून द्यायची मुदत संपली होती. सर्व्हिस सेंटर चिपळूणला. पावसात दोन एसट्या बदलून त्या माउलीने तिकडे जायचं? शेवटी मीच पाठवून दिला. त्यांची अडचण मला बघवली नाही, आणि कंपनीचा रागही आला.

ऑनलाइन चालतच नाही, असं मात्र नाही. शाओमीने जुलै 2014 मध्ये ‘मी 3’ फक्त फ्लिपकार्टवर 13,999 रुपयांना विकायला काढला, त्यावर तरुणांच्या उड्या पडल्या. काय हवंय ते त्यांना आधीच पक्कं ठाऊक होतं. पण पुढे काकींसारख्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायचं तर दुकान लागलंच. मे 2017 मध्ये शाओमीने बंगळुरूत स्वतःचं ‘मी होम’ हे दुकान उघडलं, आणि आज त्यांचे फोन माझ्याही काउंटरवर आहेत.